मामाजींचा एक टक्का

वर्धा जिल्ह्यात खरं बोलणारी वस्तू एकच, आणि ती म्हणजे फार्मसी कॉलेजातलं प्रकाश मोजायचं यंत्र, असं माझ्या बायकोच्या मामांचं ठाम मत आहे. बाकी आम्ही सगळे, म्हणजे औषध बनवणारे, विकणारे, लिहून देणारे आणि विकत घेऊन चोळणारे, त्यांच्या लेखी एक तर खोटारडे किंवा फार तर 'अजून न तपासलेले'. माझं सिंदी रेल्वे या गावात मेडिकलचं दुकान आहे. अठरा वर्षं मी ते चालवतोय, मुदत संपलेली एक गोळी कधी कुणाच्या हातावर ठेवली नाही, तरी मी या दुसऱ्या वर्गातच मोडतो. ही गोष्ट त्यांनी माझ्यापासून कधी लपवली नाही. माझ्या गिऱ्हाइकांपासून तर मुळीच नाही.

मामाजी वर्ध्याच्या एका फार्मसी कॉलेजात बत्तीस वर्षं लॅब असिस्टंट होते. काचेची भांडी धुणं, रसायनं काढून देणं, पोरांनी काय काय फोडलं ते लिहून ठेवणं हे त्यांचं नेमून दिलेलं काम. त्यांनी स्वतःला नेमून घेतलेलं काम मात्र निराळं होतं. गजकर्णाच्या मलमाच्या नळीवर बारीक अक्षरात 'एक टक्का' असं छापलेलं असतं. शंभर ग्रॅम मलमात एक ग्रॅम औषध, बाकी सगळा नुसता लोण्यासारखा लगदा. तो एक टक्का नळीत खरोखर आहे का, हे मामाजी मोजत. कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकाला बाजारातली मलमं लागतात एवढं निमित्त त्यांना पुरलं. लोक रोहण्याला लग्नाला जातात आणि जेवून येतात. मामाजी तिथल्या मेडिकलमधून मलमाची नळी घेऊन येत. पुलगावला मयतीला गेले तरी येताना खिशात नळी. एकदा आर्वीला साखरपुड्यात नवरीचा बाप त्यांना शोधत फिरत होता आणि हे गृहस्थ बसस्टँडसमोरच्या दुकानदाराशी नळीवरचा बॅच नंबर पुसट का, यावर भांडत होते.

मोजायची पद्धत मला पाठ आहे. मी शिकलो म्हणून नव्हे. मामाजींनी ती मला माझ्या लग्नाच्या पंगतीत, मुलीच्या नामकरणात आणि हर्नियाच्या ऑपरेशननंतर मी गुंगीत असताना, अशी तीनदा समजावून सांगितली आहे. मलम तोलून घ्यायचं, मिथेनॉलमध्ये टाकून कोमट पाण्यात धरून हलवायचं, मग बर्फात ठेवायचं म्हणजे त्यातली चरबी गोठते, आणि मग गाळायचं. खाली जे नितळ द्रावण येतं ते क्वार्ट्झच्या चौकोनी कुपीत भरून यंत्रात ठेवायचं. यंत्र त्यातून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतं. औषध तो प्रकाश गिळतं. जेवढा गिळला तेवढं औषध. "प्रकाश कोनाचा जवाई नाई, बापू," ते मला सांगत, "थो कोनाची भीडभाड ठेवत नाई." हे वाक्य ते नेमकं जवायाकडे बघूनच का म्हणत, हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही.

त्या कुप्यांची तर काय मिजास! दोन बाजू नितळ, दोन बाजू खरबरीत. धरायचं ते खरबरीत बाजूंनीच, कारण नितळ बाजूला बोटाचा ठसा उमटला की प्रकाश अडखळतो. बत्तीस वर्षं असं धरून धरून मामाजींच्या हाताला तीच सवय लागली. चहाचा कप ते कान पकडून कधी धरत नाहीत, समोरासमोरच्या दोन बाजूंनी चिमटीत उचलतात, मग भाजलं तरी चालेल. माझ्या मुलीला, ती सहा महिन्यांची असताना, त्यांनी दोन काखांत दोन दोन बोटं घालून असं उचललं की माझी बायको किंचाळली. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजात कुणी हात लावेल म्हणून कुप्या जुन्या मलमलच्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून, जेवणाच्या डब्यात घालून, ते घरी आणत. एका दिवाळीत मामींनी तो डबा चिवड्याचा समजून शेजारणीला पाठवला. मामाजी अनवाणी पायांनी शेजारी धावत गेले आणि त्यानंतर दोन घरांचं बोलणं संक्रांतीपर्यंत बंद होतं.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे 'कोरं'. मलमाचा नुसता लगदाही थोडा प्रकाश गिळतो. म्हणून आधी औषध नसलेलं कोरं मलम यंत्राला दाखवायचं, 'याला शून्य समज' असं सांगायचं, आणि मगच खरं मलम दाखवायचं. कंपन्या कोरं मलम देत नाहीत, तेव्हा ते मामाजी स्वतः घोटत. इथवर ठीक आहे. पण हा माणूस प्रत्येक गोष्टीला आधी कोरं मागू लागला. भाजी चाखायच्या आधी घोटभर पाणी तोंडात फिरवणार. कुणी गवयाची स्तुती केली तर म्हणणार, "त्याच्या घरचं दुसरं कोनी गाते का? पयले थे आयकवा." माझं लग्न ठरत होतं तेव्हा मामाजी मला पाहायला आले. मी नवा शर्ट घालून, भांग पाडून बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही न बघता माझ्या धाकट्या भावाला बोलावलं. दहा मिनिटं त्याला खालून वर न्याहाळलं, दोन प्रश्न विचारले, मग माझ्याकडे वळून तेवढाच वेळ बघितलं आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "फरक जास्त नाई. पन हाय." या एका वाक्यावर माझं लग्न झालं. भाऊ अजूनही मला त्यावरून चिडवतो.

दर रविवारी ते पॅसेंजरने सिंदीला येत, आल्या आल्या "जयभीम, जवाईबापू" म्हणत आणि काउंटरशेजारच्या स्टुलावर ठाण मांडत. मग माझ्या धंद्याची वाट लागे. आमच्या भागात कापूस वेचणारी, सरकी काढायच्या जिनिंगमध्ये राबणारी माणसं. घाम, ओले कपडे, आणि त्यामुळे गजकर्ण घरोघरी. एखादा दुकानात येऊन हळूच, इकडे तिकडे बघत "खाजेचं मलम द्या" म्हणे, की मामाजी स्टुलावरून गरजत, "कोनतं? कोनी सांगतलं? किती दिवस लावनार?" तो बिचारा कुठे खाज सुटली हे बायकोला सांगायला लाजणारा, आणि इथे भर चौकात त्याची उलटतपासणी. त्यानं ते ताबडतोब आराम देणारं, स्टेरॉइड मिसळलेलं मलम मागितलं तर मग विचारूच नका. "थे लावशीन तं आठ दिवस गोड वाटन, अन् मंग एकाच्या दहा जागी निंगन! काऊन आपल्या हातानं आपलं कातडं जाळून राह्यला?" गिऱ्हाईक दचकून जाई. कधी कधी दुकानातूनच जाई. मी दात ओठ खात राही, कारण चिडायचं तरी कुणावर? ते बोलत ते खरंच असे. मामाजींचे वडील जिनिंगमध्ये हमाल होते. त्यांचं सगळं अंग गजकर्णानं भरलेलं असायचं आणि कुठलीशी स्वस्त मलमं चोळून ते रात्ररात्र खाजवत बसायचे, हे मला मामींनी सांगितलं. मामाजींनी स्वतः कधी सांगितलं नाही.

पण गेल्या भाद्रपदात त्यांनी जे केलं त्याला मात्र तोड नाही. त्या रविवारी ते आले, स्टुलावर बसले नाहीत, उभ्याउभ्याच चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "जवाईबापू, तुमच्या दुकानातली नळी मोजली म्या. शंभर पाह्यजे तं चौऱ्याहत्तर भरून राह्यलं. तीनदा मोजलं." मला वाटलं, माझ्या पायाखालची फरशी सरकली. नळीवरच्या एक टक्क्याला शंभर धरलं तर औषध चौऱ्याहत्तरच, म्हणजे माल नकली, आणि नकली माल विकणारा मी! मी म्हणालो, "मामाजी, आत या, आत बोलू." "आत काऊन? औषध का आत इकता तुमी?" आणि मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. आठ दिवसांनी, पुढच्या सोमवारी औषध निरीक्षकाच्या कार्यालयात द्यायचा अर्ज. त्यात माझ्या दुकानाचं नाव, बॅच नंबर, सगळं सुवाच्य अक्षरात. मला आठ दिवस का दिले? तर "घरचा मानूस म्हनून."

त्या आठ दिवसांत माझी काय अवस्था झाली ते मी सांगत नाही. चार गिऱ्हाइकांचे चाळीस झाले, चाळीसांचा गाव झाला. लोक तापाच्या गोळीचं पाकीटसुद्धा उजेडात धरून बघू लागले. अठरा वर्षं ज्यांना मी उठून औषध दिलं ते चार दुकानं ओलांडून दुसरीकडे जाऊ लागले. बायकोशी भांडण झालं, ती म्हणाली, "मामा चूक मोजत नाईत." म्हणजे नवरा चोर! मी म्हणालो, "तुझ्या मामाचं यंत्र डोक्यात घालून घे." शनिवारी दुकानाला कुलूप लावलं, पेटीतल्या त्याच बॅचच्या दोन सीलबंद नळ्या पिशवीत टाकल्या आणि रागारागानं वर्ध्याला गेलो. म्हटलं, माझ्यासमोर मोजा, मग द्या अर्ज.

लॅबमध्ये मामाजी होते आणि त्यांच्या विभागप्रमुख बाई होत्या. बाई एके काळी मामाजींच्याच हाताखाली कुप्या धुवायला शिकलेल्या, त्यामुळे त्यांना 'काका' म्हणत आणि थोड्या भीतही. मामाजींनी माझी नळी घेतली, तोलली, मिथेनॉल, कोमट पाणी, बर्फ, गाळणं, सगळं जेवढ्यास तेवढं. माझा राग जरा निवळला, कारण त्या माणसाचे हात चालताना बघणं हा खरोखर आनंद आहे. मग ते कोरं मलम घोटू लागले. काचेच्या पाटीवर पांढरा लगदा पसरला आणि उजव्या हाताच्या तर्जनीनं त्यातून गोल गोल फिरवून त्याची नरमाई बघू लागले. बाई म्हणाल्या, "काका, हातमोजे." "हातमोज्यानं नरमाई कयत नाई, मॅडम," असं म्हणून त्यांनी मान हलवली, आणि घोटता घोटता मध्येच थांबून तेच बोट पँटच्या पट्ट्याच्या आत घातलं आणि कमरेशी कराकरा खाजवलं. इतक्या सहज, की त्यांना स्वतःलाही कळलं नसेल. आणि बोट पुन्हा लगद्यात.

मी अठरा वर्षं औषधाच्या दुकानात उभा आहे. माणूस कसा खाजवतो यावरून त्याला काय झालंय ते मला कळतं. आणि त्याच क्षणी मला आठवलं की मामी गेल्या दोन महिन्यांत माझ्याकडून याच मलमाच्या तीन नळ्या घेऊन गेल्या होत्या. "भांडेवालीसाठी," म्हणाल्या होत्या. वर्ध्यात मामाजी ज्याच्याशी भांडले नाहीत असं मेडिकल नाही, म्हणून सिंदीहून न्यायच्या. म्हणजे बघा! मलम माझ्या दुकानातलं, ते चोपडलेलं मामाजींच्या कमरेला, तिथून त्यांच्या बोटाला, बोटातून कोऱ्या मलमात. आणि यंत्र बिचारं कोऱ्याला शून्य समजणारं. कोऱ्यातच औषध आलं की तेवढं माझ्या नळीतून वजा! माझी सगळी अब्रू या माणसाच्या पट्ट्याखाली अडकली होती.

मला असा काही संताप आला की ओरडावंसं वाटलं. पण समोर बाई होत्या. बत्तीस वर्षं ज्या माणसानं अख्ख्या जिल्ह्याला गजकर्णावर सुनावलं, त्याला स्वतःला गजकर्ण, हे एका बाईसमोर मी कसं बोलणार? मी एवढंच म्हणालो, "मामाजी, हात धुऊन या."

"मले?" त्यांचा आवाज चढला. "बत्तीस वर्षं झाले, मले कोनी हात धुवायले नाई सांगतलं! तुमी सांगून राह्यले? चौऱ्याहत्तर टक्केवाले?"

मग मात्र मी त्यांच्या कानाशी गेलो आणि दातावर दात धरून पुटपुटलो, "मामीजींनी तीन नळ्या नेल्या माह्याकडून. भांडेवालीसाठी."

मामाजी थिजले. आपल्या तर्जनीकडे बघितलं, पाटीवरच्या लगद्याकडे बघितलं, पुन्हा तर्जनीकडे. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती पाहिली. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी निमित्त काढून आजचं मोजणं पुढे ढकलेल, आणि खरं सांगतो, मी मनातल्या मनात त्याला तशी मुभाही दिली होती. पण ते बाईंकडे वळले, ताठ उभे राहिले आणि वर्गात हजेरी द्यावी तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "मॅडम, मले गजकर्ण झालं हाय. कमरेले. माह्या बोटाले मलम होतं, थे कोऱ्यात गेलं. आधीचे तिन्ही मापं रद्द समजा."

बाईंनी साबणाची वडी पुढे केली.

मामाजींनी कोपरापर्यंत हात धुतले, तीनदा. काचेच्या कांडीनं नवं कोरं घोटलं. सगळं पहिल्यापासून. यंत्रावर आकडा आला, त्यांनी हिशेब मांडला, कागद माझ्यापुढे सरकवला: शंभराला नव्व्याण्णवच्या थोडं वर. मग त्यांनी जाड रजिस्टर उघडलं, जुन्या तीन आकड्यांवर एकेक सरळ रेघ मारली आणि शेजारी कारण लिहिलं, 'मापणाऱ्याच्या बोटाला मलम होते'. खाली सही केली. अर्जाचे चार तुकडे केले. मी अजून धुसफुसतच होतो. बसपर्यंत सोडायला आले तेव्हा मी न राहवून म्हणालो, "ज्या मलमात औषध नाही म्हणता, तेच लावत होते तुमी?"

"लावून राह्यलो होतो, पन बरं नाई होऊन राह्यलं," ते खाली मान घालून म्हणाले, "म्हनून तं मोजलं."

"खाज थांबली की लावणं बंद करत असाल."

"हाव."

मी त्यांना तिथेच, एसटीच्या दारात उभं राहून, त्यांच्याच आवाजात सुनावलं. किती दिवस लावायचं, पट्टा किती सैल, पँट कसली, चड्डी उन्हात वाळवायची. कंडक्टरनं दोनदा घंटा मारली. मामाजी शाळकरी पोरासारखे "हाव, हाव" करत राहिले.

प्रकरण इथे मिटलं असतं तर मी म्हटलं असतं, गोड झालं. पण दुसऱ्या दिवशी रविवार, आणि सिंदीत गर्दीचा दिवस. मामाजी सकाळच्या गाडीनं हजर. दुकानाबाहेर स्टूल मांडलं, त्यावर चढून नव्हे, नशीब, त्याच्या शेजारी उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला थांबवू लागले. "बापू, म्या मागच्या रविवारी यायच्या मलमाले कमी म्हनलं. थे चूक होती. मले सोताले गजकर्ण हाय, माह्या बोटाचं मलम मापात गेलं. मलम चांगलं हाय." गावातले म्हातारे, शाळामास्तर, माझ्या मुलीच्या मैत्रिणी, सगळ्यांना. मी आतून हात जोडले. "मामाजी, चूक झाली एवढंच सांगा ना! गजकर्णाचं काऊन सांगता? माह्या पोरीच्या शाळेत चर्चा होईन!" तर मला म्हणतात, "कारन सांगतल्याबिगर चूक कोनी खरी मानत नाई, जवाईबापू. म्या तरी मानली असती का?" दुपारपर्यंत त्यांचा घसा बसला. माझ्या दुकानावरचा डाग गेला आणि त्या जागी, 'ज्याच्या मामाला गजकर्ण झालंय तो मेडिकलवाला' अशी माझी नवी ओळख सुरू झाली. ती आजतागायत आहे.

त्यानंतर मात्र एक विचित्र गोष्ट घडली. लोक माझ्याकडून मलम जास्त घेऊ लागले. नळी हातात घेऊन विचारायचे, "मामानं मोजली काय?" आणि मामाजी मोजतच होते. दर नवी बॅच आली की एक नळी वर्ध्याला जायची आणि रविवारी तिचा आकडा यायचा. मी तो काउंटरवर चिकटवू लागलो. सुरुवातीला चरफडतच, पुढे पुढे आकडा आल्याशिवाय मीच पेटी उघडेनासा झालो.

या मे महिन्यात मामाजी निवृत्त झाले. यंत्र कॉलेजात आहे, पण आता ते परीक्षेपुरतं चालतं. बाईंना वेळ नसतो, त्यांचा काही दोष नाही. बाजारातली नळी आणून मोजावी असं कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं. ते फक्त एका माणसाच्या डोक्यात होतं. मामाजींचं गजकर्ण पूर्ण बरं झालंय. ते अजूनही रविवारी येतात, जयभीम म्हणतात, स्टुलावर बसतात, पण कुणाला काही विचारत नाहीत. मी एकदा म्हटलं, "मामाजी, बोलत काऊन नाई आजकाल?" तर म्हणाले, "माह्यापाशी आकडा नाई आता. आकड्याबिगर काय बोलू?"

गेल्या रविवारी जिनिंगमध्ये काम करणारी एक बाई आली. मानेपासून खांद्यापर्यंत लाल चट्टे. मी नव्या पेटीतली नळी तिच्यापुढे ठेवली. तिनं ती उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "मामानं मोजली हाय ना?" मी मामाजींकडे पाहिलं. त्यांनी मान फिरवली आणि रस्त्याकडे बघत बसले. "नाई, बाई," मी म्हणालो, "आता मोजत नाईत." ती घुटमळली. मग अगदी विश्वासानं आमच्या दोघांकडे बघून म्हणाली, "मंग तुमीच सांगा, घेऊ का?"

बत्तीस वर्षं तिकडे आणि अठरा वर्षं इकडे, आणि आम्हा दोघांपैकी एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. तिनं थोडी वाट पाहिली, पैसे ठेवले आणि नळी पदरात बांधून निघून गेली. इतकी वर्षं या माणसानं माझ्या दुकानात तोंड उघडू नये म्हणून मी जळफळत होतो. त्या दिवशी ते गप्प होते, आणि मला तिच्यामागे धावत जाऊन ती नळी परत मागावीशी वाटली.